अंदाजपत्रकात चुन्याची ओळ कुठे आहे?

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका ब वर्ग नगरपरिषदेच्या नगरसेविका आहेत. त्यांनी लिहिलेलं थोडक्यात असं: गावाची लोकसंख्या ७०,००० च्या आसपास, रोजचा कचरा २४-२५ टन. डेपो भरलाय, शेजारच्या गावाने गाड्या अडवल्यात. अशात एका कंपनीने रोज २५ टन कचरा जाळून वीज काढणाऱ्या भट्टीचा प्रस्ताव आणलाय. ‘केंद्राचं अनुदान आहे, तुम्ही फक्त जागा आणि कचरा द्या’ असं सादरीकरणात सांगितलं. धुराचं विचारल्यावर ‘२०१६ च्या नियमांतल्या सगळ्या मर्यादा पाळल्या जातील’ एवढंच एका ओळीत उत्तर मिळालं. विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. ताईंचे प्रश्न दोन: या मर्यादा पाळल्या जातात की नाही हे कोण बघतं, आणि पैसे नक्की कोणाचे लागतात?

ताई, हे दोन प्रश्न मला एकच वाटतात. चिमणीची मर्यादा पाळायला रोज चुना लागतो, कार्बन लागतो, डिझेल लागतं, फिल्टरच्या पिशव्या लागतात. हे सगळं विकत आणावं लागतं. ज्या अंदाजपत्रकात त्यासाठी ओळ नाही, तिथे मर्यादा पाळली जाणार नाही, मग करारात कितीही ठळक अक्षरांत लिहा. म्हणून माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो: तुमच्या गावाला २५ टनांची भट्टी नको. का, ते आता सविस्तर.

मी पर्यावरण अभियंता, गेली बावीस वर्षं याच कामात आहे. पहिली सात-आठ वर्षं चिमण्यांवर चढून नमुने घेण्यात गेली. कमरेला पट्टा, खांद्यावर प्रोब, वर लोखंडी जाळीवर बर्फाची पेटी आणि तिच्यात काचेच्या बाटल्या. पुढे नगरपालिकांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तपासायला लागलो. म्हणजे धूरही जवळून बघितलाय आणि त्याची बिलंही.

आधी नियम. २००० सालच्या जुन्या नियमांत अशा भट्टीच्या चिमणीसाठी मोजकेच आकडे होते: धुळीचे कण १५०, नायट्रोजनचे ऑक्साइड ४५०, हायड्रोजन क्लोराइड ५०, सगळे मिलिग्रॅम प्रति घनमीटर. डायॉक्सिनचं, म्हणजे जळताना तयार होणाऱ्या अतिविषारी क्लोरीनयुक्त संयुगांचं, नावही नव्हतं. ८ एप्रिल २०१६ ला घनकचरा व्यवस्थापन नियम आले आणि यादी लांबली. धूळ १५० वरून ५० वर आली. सल्फर डायॉक्साइड २००, नायट्रोजनचे ऑक्साइड ४००, पारा ०.०५, कॅडमियम आणि थॅलियम मिळून ०.०५, आणि डायॉक्सिन-फ्युरान ०.१ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. त्यासोबत भट्टीत किमान ९५० अंश तापमान, दुसऱ्या कक्षात वायू किमान २ सेकंद राहिला पाहिजे, आणि राखेत न जळालेला सेंद्रिय कार्बन ३ टक्क्यांच्या आत. डायॉक्सिनचा आकडा युरोपच्या २०१० च्या निर्देशातही हाच आहे. धुळीत मात्र ते फार पुढे आहेत, त्याच निर्देशात दिवसाची सरासरी १० आहे. तरी आपले नियम कागदावर कच्चे आहेत असं मी म्हणणार नाही. गडबड पुढे होते.

चाचणीचा अहवाल कसा वाचायचा, हे एकदा समजून घ्या, कारण नगरसेवकांच्या हातात बहुतेक वेळा एवढा एकच कागद येतो. समजा अहवालात लिहिलंय, धूळ ३८, मर्यादा ५०, शेरा ‘मर्यादेत’. खूश होऊ नका. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात ऑक्सिजनचा रकाना असतो, तो बघा. नियम सांगतो की आकडा ११ टक्के ऑक्सिजनवर आणून मोजायचा. कारण सोपं आहे. धुरात बाहेरची हवा मिसळली की धूर पातळ होतो, दुधात पाणी घातल्यासारखा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. चिमणीत जर १७ टक्के सापडला, तर २१ मधून ११ गेले १०, २१ मधून १७ गेले ४, आणि १० भागिले ४ म्हणजे अडीच. त्या ३८ ला अडीचने गुणा: ९५. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. असे अहवाल मी पाहिलेत, त्यांवर सही-शिक्का सगळं व्यवस्थित होतं, फक्त तो गुणाकार कोणी केला नव्हता. लहान भट्ट्यांत हे जास्त घडतं, कारण कचरा टाकायचं दार सारखं उघडतं आणि हवा आत घुसते.

डायॉक्सिन तर आणखी चिवट. लोकांना वाटतं प्लास्टिक जाळलं की ते होतं, प्लास्टिक काढलं की संपलं. पीव्हीसी हे मोठं कारण खरंच, पण क्लोरीन तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातल्या मिठातूनही येतो. ९५० अंशांत बहुतेक डायॉक्सिन मोडतं. ते पुन्हा तयार होतं धूर थंड होताना, साधारण ४०० ते २५० अंशांच्या पट्ट्यात, राखेच्या कणांवर, तांब्यासारख्या धातूच्या संगतीने. म्हणून धूर या पट्ट्यातून झटक्यात खाली आणायचा, मग त्यात चुन्याची भुकटी फवारायची, ती आम्ल वायू धरते. ॲक्टिव्हेटेड कार्बनची भुकटी फवारायची, ती डायॉक्सिन आणि पारा धरते. शेवटी हे सगळं बॅग फिल्टरच्या कापडी पिशव्यांवर अडवायचं. यातलं एक जरी बंद पडलं तरी ०.१ विसरा. आणि बंद पडलं हे बाहेरून दिसत नाही. चुना नसला तरी धूर पांढराच दिसतो, कार्बन नसला तरी पांढराच.

एका शहरातल्या भट्टीवर मी नमुना घ्यायला गेलो होतो. गाव सांगत नाही. कार्बनच्या हॉपरला, म्हणजे भुकटी साठवायच्या टाकीला, आत किती माल आहे ते बघायला एक छोटी काच असते. काचेवर आतून कोळिष्टक होतं. जाळं पूर्ण विणलेलं, मध्ये कोळी बसलेला. ज्या हॉपरमधून तासाला काही किलो काळी भुकटी खाली जायला हवी, तिथे कोळ्याने संसार थाटला होता. ऑपरेटर भला माणूस होता. म्हणाला, ‘साहेब, कार्बन महिनाभर आला नाही, मागणी दिलीय.’ खरेदी विभागाला विचारल्यावर समजलं की देखभालीच्या निविदेत कार्बन ‘इतर रसायने’ या एका रकमेत कोंबला होता आणि ती रक्कम पहिल्या तिमाहीतच संपली होती. यात लबाडी कोणाची म्हणाल? मला तरी त्या दिवशी कोणा एकाची दिसली नाही. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला बसल्यावर पहिल्यांदा तो कोळीच आठवला.

आता, बघतं कोण? हवा कायदा १९८१ चा, त्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आधी उभारणीची आणि मग चालवण्याची संमती देतं. धूळ, सल्फर, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड यांचे आकडे चिमणीवरच्या यंत्रातून सतत मंडळाच्या सर्व्हरवर जातात. डायॉक्सिन असं सतत मोजता येत नाही. त्यासाठी सहा ते आठ तास नमुना ओढावा लागतो, रेझिनवर पकडावा लागतो आणि तो वाचणारं यंत्र देशात मोजक्याच ठिकाणी आहे. तिरुवनंतपुरमची सीएसआयआरची संस्था त्यातली एक. साध्या धुळीच्या चाचणीच्या कित्येक पट खर्च. म्हणून ती वर्षातून एखाद-दोनदा होते. लॅब कोण बोलावतं? भट्टीवाला. तारीख कोण ठरवतं? भट्टीवाला. फी कोण भरतं? तोच. त्या दिवशी कचरा कोरडा निवडून आणलेला असतो, कार्बन भरलेला असतो, भट्टी आदल्या रात्रीपासून तापवलेली असते.

लहान भट्टीची खरी अडचण इथेच आहे. सगळ्यात जास्त डायॉक्सिन निघतं भट्टी पेटवताना आणि विझवताना, जेव्हा तापमान ९५० च्या खाली असतं. मोठा प्रकल्प एकदा पेटला की महिनोन् महिने चालतो. २५ टनांची भट्टी बहुधा एक-दोन पाळ्या चालते, रात्री विझते, सकाळी पुन्हा पेटते. म्हणजे वर्षात तीनशे वेळा तो वाईट तास. त्या तासात डिझेलचा बर्नर लावून आधी तापमान वर न्यायचं आणि मगच कचरा टाकायचा, अशी पद्धत आहे. डिझेलचा भाव तुम्हाला माहीत आहे. तो वाचवायचा मोह कोणाला होणार नाही?

आणखी एक गोष्ट, नकाशात बघा. बॅग फिल्टरच्या आधी एक बायपास असतो. पिशव्या जळू नयेत म्हणून अडचणीच्या वेळी धूर तिथून थेट बाहेर सोडायची सोय. पावसाळ्यात ओला कचरा आला की धुरात वाफ वाढते, पिशव्यांवर चुना आणि राख यांचा चिखल बसतो, दाब चढतो, आणि ऑपरेटर बायपास उघडतो. सतत मोजणारं यंत्र मुख्य चिमणीवर असतं. बायपासचा धूर त्याला दिसत नाही, सर्व्हरवर आकडे गुणी मुलासारखे मर्यादेत. बायपासला सील आणि उघडल्याची वेळ नोंदवणारं स्विच आहे का, एवढं तरी विचाराच.

पैशांकडे येतो. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० हे १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं. त्यात एक लाखाच्या आतल्या गावांना घनकचरा प्रकल्पासाठी केंद्राचा वाटा ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के, दहा लाखांवर २५ टक्के. म्हणजे तुमचं गाव सर्वात वरच्या टक्क्यात बसतं, आणि कंपन्या लहान गावांचे दरवाजे ठोठावतात त्याचं एक कारण हेच. पण हा पैसा उभारणीचा आहे. चालवायचा खर्च, म्हणजे ओ अँड एम, नगरपरिषदेच्या माथी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी तुमच्यासारख्या गावांना जे अनुदान दिलं, त्यातला ६० टक्के भाग बांधील होता: ३० टक्के पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. त्या ३० टक्क्यांवर घंटागाड्या, डेपो, खतप्रकल्प, शौचालयं सगळ्यांचाच डोळा असतो. चुना त्या रांगेत शेवटी उभा.

‘तुमचा एक रुपयाही नको, आम्ही विजेवर भागवू’ असं कंपनी म्हणत असेल, तर माझ्याबरोबर हा हिशोब करा. मिश्र कचऱ्याचं उष्णतामूल्य आपल्याकडे किलोला हजार किलोकॅलरीच्या आसपास धरा, पावसाळ्यात त्याहून कमी. रोज २४,००० किलो, म्हणजे २ कोटी ४० लाख किलोकॅलरी. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, म्हणून ८६० ने भागा: सुमारे २७,९०० युनिट उष्णता. त्यातली १५ टक्के वीज झाली, तर दिवसाला सुमारे ४,१८५ युनिट. इतक्या लहान बॉयलर-टर्बाइनला १५ टक्के म्हणजे मी उदार झालोय. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये कचऱ्याच्या विजेला ठरवलेला दर युनिटला ७.०४ रुपये होता. तो जरी मिळाला तरी दिवसाला २९,००० रुपयांच्या आसपास. यातून पंखे, पंप, कन्व्हेयर यांची स्वतःची वीज वजा. मग कामगारांचे पगार, डिझेल, चुना, कार्बन, पिशव्या, राखेची वाहतूक, चाचण्या आणि कर्जाचा हप्ता. हे भागत नाही. कुठल्याही कॅल्क्युलेटरवर भागत नाही. उरलेला खड्डा टिपिंग फीने भरायचा असतो, म्हणजे टनामागे नगरपरिषदेने द्यायची रक्कम. प्रस्तावात ती आज नसेल, तर दुसऱ्या वर्षी ‘दरवाढ’ म्हणून येईल.

ओल्या कचऱ्याचं गणित आणखी साधं. एक लिटर पाणी तापवून वाफ करायला साधारण ६०० किलोकॅलरी जातात. कचऱ्यात निम्मं पाणी असेल तर किलोमागे ३०० तिथेच गेल्या. जागतिक बँकेच्या मार्गदर्शिकेत भट्टीसाठी वर्षाची सरासरी किलोला किमान ७ मेगाज्यूल, आणि कुठल्याही मोसमात ६ च्या खाली नको, असं दिलंय. ६ मेगाज्यूल म्हणजे १,४३० किलोकॅलरी. आपला मिश्र कचरा तिथे पोचत नाही. त्याच मार्गदर्शिकेत वर्षाला किमान ५०,००० टन कचरा हवा असंही आहे. तुमचा सगळा मिळून नऊ हजारांच्या आसपास. दिल्लीने हा धडा फार आधी घेतलाय. तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कचं तंत्र आणून ३०० टनांची, ३.७५ मेगावॉटची भट्टी उभारली. चाचणी २१ दिवस चालली. कचरा पेटतच नव्हता. पुढे भट्टी बंद.

नियम कडक झाले की त्याचं बिल स्थानिक संस्थेच्या दारात कसं येतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेतल्या हॅरिसबर्गचं आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्याची राजधानी, पण लोकवस्ती ५०,००० च्या आसपास, तुमच्या गावापेक्षा लहान. १९७२ मध्ये त्यांनी कचऱ्याची भट्टी सुरू केली. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डायॉक्सिनच्या मर्यादा आवळल्या आणि जुनी भट्टी त्यात बसेना. २००३ मध्ये ती बंद करावी लागली. तेव्हा शहरापुढे दोन वाटा होत्या: भट्टी कायमची विझवायची, किंवा कर्ज काढून सुधारायची. जुनं कर्ज डोक्यावर होतंच. ते भट्टीच्या उत्पन्नातून फिटेल, असं म्हणून शहराने स्वतःच्या हमीवर सुमारे १२.५ कोटी डॉलर आणखी उचलले. काम रखडलं, खर्च वाढला, भट्टी अपेक्षेइतकी चालली नाही. २०११ पर्यंत कर्ज ३० कोटी डॉलरच्या वर गेलं. त्या ऑक्टोबरात नगर परिषदेने ४ विरुद्ध ३ मतांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयाने तो पुढच्याच महिन्यात फेटाळला. राज्याने शहरावर रिसीव्हर, म्हणजे आर्थिक कारभार हातात घेणारा अधिकारी, बसवला. २०१३ च्या अखेरीस भट्टी शेजारच्या लँकेस्टर कौंटीच्या कचरा प्राधिकरणाला विकली आणि शहराचे पार्किंगचे हक्क ४० वर्षांसाठी भाड्याने दिले. भट्टीच्या धुरापायी लोक आजही गाडी उभी करायचे पैसे भरतायत.

त्या सभेत जे तिघे विरोधात होते आणि जे चौघे बाजूने, त्यांच्यापैकी कोणीही भट्टीचा निर्णय एकट्याने घेतलेला नव्हता. आधीच्या सभांनी ‘कर्ज आपोआप फिटेल’ या एका वाक्यावर हात वर केले होते. तुमच्या प्रस्तावात ‘हमी’ हा शब्द कुठे आहे का, ते शोधा. ‘किमान कचरा पुरवण्याची हमी’ या रूपातही तो येतो. रोज २५ टन दिले नाहीत तर दंड, असं कलम असेल, तर उद्या लोकांनी घरीच खत करायला सुरुवात केली की नगरपरिषद दंड भरणार. चांगल्या कामाचा दंड!

इंग्लंडमध्ये नॉरफोकला उलटं झालं. किंग्ज लिनजवळच्या भट्टीला लोकांचा प्रचंड विरोध होता, स्थानिक मतदानात ६५,००० हून जास्त लोकांनी नको म्हटलं. कौंटी कौन्सिल केंद्राच्या अनुदानाच्या भरवशावर करार करून बसलं होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारने अनुदान मागे घेतलं, एप्रिल २०१४ मध्ये कौन्सिलने करार मोडला, आणि न उभ्या राहिलेल्या भट्टीसाठी ३ कोटी पौंडांहून जास्त भरपाई द्यावी लागली. वरचं अनुदान येणार या गृहीतावर करार करताना ‘आलं नाही तर’ हे कलम लागतंच.

दिल्लीतल्या ओखल्याचंही विचाराल म्हणून सांगतो. तिथला प्रकल्प २०१२ पासून चालतोय, वस्तीला अगदी लागून. सुखदेव विहारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं दावा लढवला. २ फेब्रुवारी २०१७ ला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २५ लाखांची भरपाई लावली आणि प्रकल्प चालू ठेवायला परवानगी दिली. एकदा उभी राहिलेली चिमणी कोर्टाने पाडणं फार अवघड असतं. शहराकडे दुसरा कचऱ्याचा रस्ताच उरलेला नसतो.

राखेचं कोणी बोलत नाही, म्हणून थोडं. चुना, कार्बन आणि डायॉक्सिन धरून फिल्टरवर जी बारीक राख जमते, ती आलेल्या कचऱ्याच्या तीनेक टक्के धरा. तुमच्याकडे रोज पाऊण टन. हिच्यातले विषारी धातू मर्यादेबाहेर गेले की ती घातक कचऱ्याच्या सुविधेकडे पाठवावी लागते: तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी. वाहतूक आणि तिथली फी टनामागे. धुरातलं विष जितकं चांगलं पकडाल तितकी ही राख जास्त विषारी, हा त्यातला गमतीचा भाग. एका ठिकाणी ही राख मी सिमेंट ब्लॉकमध्ये घालताना पाहिलीय, आणि ते ब्लॉक अंगणवाडीच्या कंपाउंडला.

मुख्याधिकाऱ्यांना घाई का आहे, तेही समजून घ्या, त्यांना शत्रू करू नका. हरित न्यायाधिकरणाच्या २०२० च्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून नियम न पाळणाऱ्या लहान स्थानिक संस्थांना महिन्याला १ लाख रुपये पर्यावरण भरपाई लागू केली. पाच ते दहा लाखांच्या शहरांना ५ लाख, त्यावर १० लाख. डेपो धुमसतोय, मंडळाच्या नोटिसा येतायत, आणि कोणीतरी म्हणतंय सहा महिन्यांत सगळं नाहीसं करतो. कोणीही भुलेल. उघड्यावर कचरा जाळला तर २०१६ च्या आदेशाने ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये दंड आहे. डेपोला ‘आपोआप’ आग लागते तेव्हा तो कोण भरतं, हा वेगळा विषय.

मग करायचं काय? तुमच्या २४ टनांत बारा-तेरा टन ओला असेल. त्याला भट्टी नको, खत किंवा बायोगॅस पुरे. राज्याचा ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हा ब्रँड त्या खतासाठीच आहे. विक्रीची रडकथा मला ठाऊक आहे, पण न विकलेलं खत बागेत टाकता येतं, न विकलेली राख नाही. सुक्यातलं भंगारवाले नेतात, नीट शेड आणि वजनकाटा दिला तर जास्त नेतात. उरतो चार-पाच टन असा माल ज्याचं काहीच होत नाही: बिस्किटांचे पुडे, चपला, रेक्झिन, मळकं प्लास्टिक. तो दाबून गठ्ठे बांधा आणि सिमेंटच्या भट्टीला पाठवा. २०१६ च्या नियमांनी, कचऱ्यापासून असं इंधन बनवणाऱ्या प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आतल्या उद्योगांना किमान ५ टक्के इंधन या प्रकारचं वापरायला सांगितलं होतं. सिमेंटची भट्टी चंद्रपूरकडे आहे, कर्नाटकात वाडी पट्ट्यात आहे. तिथे क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचे खडे, १,४५० अंशांवर शिजतो, ज्वाला त्याहून खूप तापलेली, आणि राख सिमेंटमध्येच मुरते. भाडं बहुधा नगरपरिषदेला द्यावं लागेल. अंतर जास्त असेल तर शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून गाड्या भराव्यात. महिन्याचं बिल येईल, पण हॅरिसबर्गसारखं चाळीस वर्षं येणार नाही.

सभेत भाषण करू नका, कागद मागा. ओ अँड एमचा वर्षाचा खर्च रकान्यांसकट: चुना किती किलो, कार्बन किती किलो, डिझेल किती लिटर, पिशव्यांचा संच किती वर्षांनी बदलणार आणि त्याची किंमत. याच मापाची भट्टी दुसरीकडे चालू असेल तर तिथल्या मागच्या बारा महिन्यांच्या कार्बन खरेदीच्या पावत्या आणि घातक राख पाठवल्याच्या पावत्या. चाचणीच्या अहवालापेक्षा मी त्या दोन फायलींवर जास्त विश्वास ठेवतो, कारण लॅबचा दिवस एक असतो आणि पावत्या वर्षभराच्या. डायॉक्सिनची चाचणी नगरपरिषद स्वतःच्या खर्चाने, न सांगता, जुलै-ऑगस्टमध्ये करून घेईल आणि ती रक्कम कंपनीच्या बिलातून वळती होईल, असं कलम सुचवा. बोलणी इथे थांबली तर काय ते समजा.

तुम्ही प्रस्तावाचं जे पान पाठवलंत, त्यात वर्षाच्या खर्चाच्या सात ओळी आहेत. पगार, वीज, वाहनं, दुरुस्ती, विमा, प्रशासकीय, आणि शेवटी ‘इतर व संकीर्ण’. चुना, कार्बन, डिझेल, पिशव्या, राख आणि चाचण्या या सातव्या ओळीत असणार, दुसरी जागाच नाही. त्या एका ओळीचं विवरण सभेच्या आधी लेखी मागा, मुख्याधिकाऱ्यांमार्फत, आवक क्रमांक टाकून. मिळालं की मला पाठवा, एका संध्याकाळी बघून देतो.